गावाच्या तारेचा हिशेब कोणाला?

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात आजही ऐकू येते. हे पेठेचे गाव. आणि पेठेचा एक नियम कोणत्याही कायद्याच्या आधीपासून चालत आलेला आहे. ज्याचे पैसे लागले, त्याला वही पाहण्याचा अधिकार. रोजची कीर्द, तिच्यावरून खतावणी, दिवाळीला नवी चोपडी. दोन माणसांच्या व्यवहारात हा नियम सरळ आहे. पण व्यवहार रेल्वेचा, टेलिफोनच्या तारेचा किंवा जमिनीखालून जाणाऱ्या फायबरचा असला की पैसे एकाचे, काम दुसऱ्याचे आणि गाव तिसऱ्याचेच असते. मग वही कोणी कोणाला दाखवायची? मित्रांनो, आजचा धागा या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास सांगतो. त्यात एक हद्दपारीही आहे.

सुरुवात निजामी राजवटीपासून. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. १८८३ मध्ये लंडनमध्ये 'निजामाज् गॅरंटीड स्टेट रेल्वे' ही कंपनी उभी राहिली. तिच्या नावातला 'गॅरंटीड' हा शब्द शोभेचा नव्हता. कंपनीच्या भांडवलावर वर्षाला पाच टक्के व्याजाची हमी संस्थानाने वीस वर्षांसाठी दिली होती. रेल्वे तोट्यात गेली तरी लंडनच्या भागधारकाला त्याचे व्याज पोहोचणार. आणि ते हैदराबादच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी शेतसाऱ्यातून. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी जाणारी गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर याच कंपनीच्या हाताखाली धावू लागली.

ज्या रेल्वेच्या योजनेतून हा सारा पसारा वाढला ती त्या काळी 'चांदा रेल्वे योजना' म्हणून ओळखली जाई. हैदराबाद शहरातील काही सुशिक्षित नागरिकांनी एकत्र येऊन या योजनेच्या अटी आणि तिचा आर्थिक भार जनतेपुढे उघड करावा, अशी मागणी केली. त्यांच्यात निजाम कॉलेजशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. सरोजिनी नायडूंचे वडील. मागणीचे उत्तर हिशेबाने नव्हे, हुकमाने मिळाले. १८८३ च्या मे महिन्यात अघोरनाथांना संस्थानाबाहेर घालवण्यात आले. पुढे ते परतले, ही गोष्ट वेगळी. या प्रसंगाकडे हैदराबादच्या राजकीय जागृतीची पहिली ठिणगी म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ती ठिणगी एका ताळेबंदावरून पडली होती, हे सहसा सांगितले जात नाही.

कंपनीला आपले हिशेब हमीदाराला द्यावे लागत. हमीदार दरबार होता, रयत नव्हती. १९३० मध्ये संस्थानाने ही रेल्वे विकत घेतली, १ एप्रिल १९५० रोजी ती भारत सरकारकडे आली. मालक बदलत गेले, तरी वही वरच्याच मजल्यावर राहिली.

आता थोडे दूर जाऊ, कारण गावाच्या तारेसाठी कर्ज आणि कर्जाबरोबर हिशेबाची शिस्त ही जोडी सर्वांत स्पष्टपणे दिसते ती अमेरिकेत. १९२० साली तिथल्या सुमारे ३९ टक्के शेतघरांत टेलिफोन होता. १९४० पर्यंत हे प्रमाण २५ टक्क्यांवर घसरले. यंत्र पुढे गेले आणि गाव मागे, असे इतिहासात फार थोड्या वेळा घडले आहे. मंदीत शेतकऱ्यांना बिल परवडेना, जुन्या तारा गंजल्या आणि मोठ्या कंपन्यांना विरळ वस्तीत रस नव्हता. ग्रामीण विद्युतीकरणासाठी १९३६ च्या कायद्याने उभी असलेली कर्जव्यवस्था २८ ऑक्टोबर १९४९ रोजी टेलिफोनलाही लागू झाली. सहकारी संस्था आणि लहान कंपन्या यांना दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज मिळू लागले.

मात्र या कर्जाबरोबर हिशेबाचा एक साचा आला. सगळ्या कर्जदारांनी एकाच पद्धतीची खाती ठेवायची. कर्जाची रक्कम वेगळ्या बँक खात्यात. पुढचा हप्ता मागताना खर्चाचा तपशील पुढे ठेवायचा. वर्षअखेर स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून तपासणी, आणि वर्ष संपल्यापासून १२० दिवसांत अहवाल सादर. नफ्यातून व्याज कितीपट भागते याचे गुणोत्तरही कर्जदाराला सांभाळावे लागते. २००२ नंतर ब्रॉडबँडची कर्जे आली, तीही याच चौकटीत. त्यात महत्त्वाची गोष्ट ही, की सहकारी संस्था कर्जदार असेल तर तिचा सभासद म्हणजे टेलिफोन वापरणारा शेतकरीच. तोच देणेकरी, तोच ग्राहक, आणि वार्षिक सभेत वही मागण्याचा हक्कही त्याचाच.

भारतात टेलिफोनसाठी हे रोप लागले नाही. विजेसाठी मात्र लागले, तेही आपल्या शेजारी. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि अमेरिकी सहकारी नमुन्यावर देशात पाच प्रायोगिक संस्था उभारण्यात आल्या. त्यांतली महाराष्ट्रातली संस्था म्हणजे अहमदनगर जिल्ह्यातील श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था. सुमारे चार दशके तिने वीज वाटली. पण घाऊक वीज घेण्याचे पैसे थकत गेले, दर आणि अनुदान यांवरून वाद वाढले आणि ३१ जानेवारी २०११ रोजी तिच्या परवान्याची मुदत संपल्यावर तो भाग महावितरणकडे गेला. सभासदांची मालकी असली की हिशेब आपोआप चोख राहतो, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये म्हणून हे उदाहरण ध्यानात ठेवावे. तरीही एवढे खरे, की मुळा-प्रवरा बुडते आहे हे तिच्या पंचक्रोशीला ठाऊक होते. तिच्या सर्वसाधारण सभेत त्यावर भांडणे होऊ शकत होती.

टेलिफोनचे सारे सरकारी. डाक-तार खाते दिल्लीहून चाले. साठच्या दशकापासून जागतिक बँकेच्या आयडीए या शाखेची कर्जे दूरसंचारासाठी आली. पण कर्जदार भारत सरकार, हिशेब देणारेही भारत सरकार. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणीचे भाग घेऊन जालना जिल्हा झाला. बियाण्यांच्या कंपन्या आणि पोलादाच्या गिरण्या शहराचे रूप बदलत होत्या. खेड्यात मात्र ट्रंक कॉल लावायचा तर तालुक्याच्या गावी टपाल कार्यालयात ताटकळावे लागे. १९८४ मध्ये सी-डॉट संस्था स्थापन झाली. तिने घडवलेले १२८ लाइनींचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालणारे हे यंत्र होते. मराठवाड्यासारख्या प्रदेशाला असेच यंत्र हवे होते.

मग १९९४ चे दूरसंचार धोरण आले. खासगी कंपन्यांनी प्रचंड बोली लावून परवाने घेतले. महाराष्ट्र-गोव्यातील स्थिर दूरध्वनीचा परवाना १९९७ मध्ये ह्यूजेस-इस्पात या कंपनीला मिळाला. जालना जिल्हाही त्याच क्षेत्रात येत होता. परवान्याच्या अटींत गावोगावी सार्वजनिक दूरध्वनी बसवणे होते. देशभरातील खासगी परवानाधारकांनी मिळून ही अट फारशी पाळली नाही. कारण साधे होते. शहरातली एक लाइन पैसे कमावून देई, गावातली एक लाइन पैसे खाई, आणि दंड भरणे हे तार ओढण्यापेक्षा स्वस्त पडे.

इथे धोरणकर्त्यांनी वाट बदलली. बंधन घालून काम होत नाही, तर सर्वांकडून वर्गणी घ्यावी आणि जो गावात जाईल त्याला त्यातून पैसे द्यावेत. १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी अस्तित्वात आला. डिसेंबर २००३ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीने त्याला तार अधिनियमात पूर्वलक्षी स्थान मिळाले. प्रत्येक परवानाधारकाने आपल्या समायोजित सकल महसुलाचे पाच टक्के द्यायचे. रक्कम आधी भारताच्या संचित निधीत जमा होते आणि संसदेच्या मंजुरीनेच बाहेर पडते. जमा झालेली सगळी रक्कम निधीकडे वर्ग होत नाही, असा आक्षेप कॅगने एकदा नव्हे, वारंवार नोंदवला आहे.

पैसे बाहेर कसे पडतात ते पाहण्यासारखे आहे. हे कर्ज नव्हे, अनुदान. कमीत कमी अनुदानात काम करू असे जो सांगेल त्याला काम, म्हणजे उलटा लिलाव. करार झाला की कंपनी दर तिमाहीला दावा सादर करते: किती फोन चालू, किती बंद, किती दिवस. सोबत शपथपत्र. वर्षअखेर लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र. संचार लेखा नियंत्रकाचे कार्यालय कागद तपासते, काही ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी करते, मग रक्कम देते. गावचा फोन दीर्घकाळ बंद राहिला तर त्या काळाचे अनुदान कापायचे असते. म्हणजे एखाद्या वाडीतला फोन मेला की त्याची नोंद कुठल्याशा तिमाही तक्त्यात होते. किंवा होत नाही, आणि पैसे निघतात. अमेरिकी कर्जदाराला मुद्दल परत करायचे असते, म्हणून त्याच्या हिशेबाचा रोख 'संस्था टिकेल का' यावर असतो. आपल्याकडच्या दाव्याचा रोख 'तेवढ्या तिमाहीत यंत्र चालू होते का' यावर. माझ्या मते आपल्या ग्रामीण जाळ्यांच्या पडझडीचे अर्धे स्पष्टीकरण या एका फरकात आहे. जानेवारी २००९ मध्ये बीएसएनएलशी ग्रामीण तारेवरील ब्रॉडबँडचा करार झाला; लक्ष्य ८,८८,८३२ जोडण्यांचे होते. जोडणी मोजता येते. पाच वर्षांनी ती वापरात असेल का, हे मोजण्याचे कलम लिहिणे अवघड असते.

आता वर्गणीची बाजू. पाच टक्के, पण कशाचे? दूरसंचार कंपनीला फोनच्या बिलाखेरीज ठेवींवरचे व्याज मिळते, लाभांश मिळतो, जागेचे भाडे मिळते. तेही महसुलात धरायचे का? सरकार म्हणे हो, कंपन्या म्हणत नाही. हा वाद वर्षानुवर्षे चालला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या ग्राह्य धरली आणि थकबाकी, व्याज, दंड मिळून लाखो कोटींचे आकडे कंपन्यांपुढे उभे राहिले. पुढे १५ सप्टेंबर २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ठरवले, की इथून पुढे दूरसंचाराबाहेरचे उत्पन्न वगळायचे. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते अमलात आले. मुंबईतल्या एखाद्या मुदतठेवीचे व्याज ३० सप्टेंबरपर्यंत खेड्याच्या निधीला देणे लागत होते, दुसऱ्या दिवसापासून लागेनासे झाले. एका शब्दाची व्याख्या बदलली की गावाचा वाटा बदलतो, तो असा.

आणि या वह्या तपासणार कोण? कंपन्यांनी कोणती पुस्तके ठेवायची याचे नियम २००२ मध्ये आले होते. त्यांच्या आधारे कॅगने खासगी कंपन्यांचे महसुली हिशेब मागितले, तेव्हा कंपन्या न्यायालयात गेल्या. आम्ही खासगी, कॅग सरकारी खात्यांसाठी, असा त्यांचा युक्तिवाद होता. १७ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: रेडिओलहरींचे तरंगपट हे राष्ट्राची साधनसंपत्ती आहेत, त्यांच्यावरच्या उत्पन्नात सरकारचा वाटा आहे, म्हणून तो वाटा बरोबर आला की नाही हे पाहण्याचा कॅगला अधिकार आहे. पेठेचा जुना नियमच न्यायालयाने घटनेच्या भाषेत सांगितला.

दरम्यान २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्राने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली होती. पुढे त्याचेच 'भारतनेट' झाले. वचन होते प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत १०० एमबीपीएसचे, आणि पैसे याच निधीतून. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्याने 'महानेट' या नावाने अंगावर घेतले. केंद्राची स्वतंत्र कंपनी बीबीएनएल २०२२ च्या निर्णयाने बीएसएनएलमध्ये विलीन करायचे ठरले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी मिळाली. नव्या दूरसंचार अधिनियमाने निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' केले. त्याचे नियम ३० ऑगस्ट २०२४ रोजी अधिसूचित झाले.

या साऱ्या वाटेवर गाव कुठे आहे? भोकरदन, मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील ग्रामपंचायत ही या व्यवहारात कर्जदार नाही, भागधारक नाही, परवानाधारकही नाही. दावा कंपनीकडून निघतो, लेखा नियंत्रकाकडे जातो, तिथून दिल्लीला. ज्याच्या नावावर पैसे निघतात त्या गावाच्या ग्रामसभेपुढे तो दावा वाचून दाखवावा, अशी पायरी त्यात नाही. हे नैसर्गिक आहे असे समजण्याचे कारण नाही. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रानेच देशाला दिली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यात सामाजिक अंकेक्षणाचे काम थेट ग्रामसभेकडे सोपवले गेले. खडी फोडणाऱ्याचा हजेरीपट गावापुढे तपासता येतो, फायबरचा तिमाही तक्ता मात्र नाही.

तो पाहायचाच असेल तर माहितीच्या अधिकाराचा मार्ग आहे. केंद्रीय कार्यालयांसाठी शुल्क दहा रुपये. अर्जात ग्रामपंचायतीचे नाव, जोडणी कार्यान्वित झाल्याची तारीख आणि हवी ती तिमाही लिहावी. त्या तिमाहीत जोडणी किती दिवस बंद होती आणि रक्कम किती कापली, हे दोन प्रश्न स्वतंत्र क्रमांक घालून विचारावेत.