राष्ट्रीय ग्राहक पसंती नोंदवही

राष्ट्रीय ग्राहक पसंती नोंदवही ही भारतातील दूरध्वनी ग्राहकांना नको असलेले जाहिरातपर कॉल आणि लघुसंदेश रोखण्यासाठी उभारलेली व्यवस्था आहे. ती भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजेच ट्रायच्या, विनियमांनुसार चालते. सर्वसामान्यांमध्ये ती ‘डीएनडी’ या नावाने ओळखली जाते. नोंदणीसाठी शुल्क नसते.

पार्श्वभूमी

मोबाइलच्या प्रसाराबरोबर कर्जे, विमा, भूखंड यांच्या जाहिरातींचे कॉल वाढू लागले. त्यावर उपाय म्हणून ट्रायने २००७ मध्ये विनियम काढून ‘नॅशनल डू नॉट कॉल’ नोंदवही सुरू केली. तीत सर्व जाहिराती नाकारणे एवढाच पर्याय होता. डिसेंबर २०१० मध्ये जाहीर झालेल्या आणि २७ सप्टेंबर २०११ पासून पूर्णतः अमलात आलेल्या विनियमांनी विषयवार निवडीची सोय केली. सध्याची व्यवस्था १९ जुलै २०१८ च्या विनियमांवर आधारलेली आहे. त्यांनुसार जाहिरातदाराला आपली ओळख आणि संदेशाच्या मजकुराचा साचा दूरसंचार कंपनीकडे आगाऊ नोंदवावा लागतो.

पसंतीची नोंदणी

ग्राहकाला १९०९ या क्रमांकावर कॉल करून किंवा लघुसंदेश पाठवून, तसेच ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवरून आपली पसंती नोंदवता येते. ‘स्टार्ट ०’ हा संदेश इंग्रजी अक्षरांत १९०९ वर पाठवल्यास सर्व जाहिरातपर संदेश नाकारले जातात. काही विषयांचे संदेश हवे असल्यास पुढील प्रवर्गांतून निवड करता येते:

१. बँकिंग, विमा व वित्तीय उत्पादने
२. स्थावर मालमत्ता
३. शिक्षण
४. आरोग्य
५. उपभोग्य वस्तू व वाहने
६. दळणवळण, प्रसारण, मनोरंजन व माहिती तंत्रज्ञान
७. पर्यटन
८. खाद्यपदार्थ व पेये

शेवटचा प्रवर्ग २०१८ च्या विनियमांनी जोडला. संदेशाचा प्रकार, दिवस आणि वेळ यांबाबतही पसंती कळवण्याची तरतूद त्यांत आहे.

संदेशांची ओळख

सर्व जाहिराती नाकारल्या तरी बँकेच्या व्यवहाराची सूचना, सांकेतिक क्रमांक किंवा शासकीय सूचना येणे थांबत नाही. लघुसंदेश पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी जोडलेल्या इंग्रजी अक्षरावरून संदेशाचा प्रकार कळतो: ‘पी’ म्हणजे जाहिरातपर, ‘एस’ सेवाविषयक, ‘टी’ व्यवहारविषयक आणि ‘जी’ शासकीय. जाहिरातपर कॉलसाठी १४० ने, तर सेवा व व्यवहारविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका राखून ठेवलेली आहे.

तक्रार

पसंतीविरुद्ध आलेल्या कॉलची किंवा संदेशाची तक्रार १९०९ वर अथवा अ‍ॅपवर करता येते. तीत पाठवणाऱ्याचा क्रमांक, दिनांक आणि थोडक्यात मजकूर द्यावा लागतो. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली. नोंदणी नसलेल्या जाहिरातदाराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्यास कारवाईची प्रक्रिया सुरू होते. पूर्वी त्यासाठी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. त्यामुळे संदेश नुसता पुसून टाकण्यापेक्षा त्याची तक्रार करणे इतर ग्राहकांच्याही हिताचे ठरते.

मर्यादा

ग्राहकाने एखाद्या संस्थेला स्पष्ट संमती दिली असेल, तर त्या संस्थेचे संदेश नोंदवही अडवत नाही. दुकानात किंवा प्रदर्शनात अर्ज भरताना अशी संमती नकळत दिली जाऊ शकते. ती मागे घेण्याचा अधिकार ग्राहकाला असतो. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ही व्यवस्था जाहिरातींच्या नियमनासाठी असून, खाजगी दहा अंकी क्रमांकावरून फसवणूक करणारा मुळात तिच्या चौकटीत येतच नाही. त्यामुळे नोंदणी झाल्यावर आलेला प्रत्येक कॉल विश्वासार्ह असतो, असे समजणे धोक्याचे आहे. संशयास्पद कॉलची माहिती केंद्र शासनाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ सुविधेवर देता येते. प्रत्यक्ष आर्थिक फसवणूक झाल्यास मात्र १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे साहाय्य क्रमांकावर विनाविलंब संपर्क साधावा लागतो.