समुद्रांत सांडलेलें तेल



पनवेल म्हटलें कीं आज लोकांस रेल्वेचें मोठें स्थानक आणि मुंबई-पुण्याचे रस्ते आठवतात. परंतु एके काळीं पनवेल हें बंदर होतें. रेल्वे होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी पुष्कळदां पडावानें खाडींतून येथें उतरे व पुढें बोरघाटाची वाट धरी. ती वाहतूक संपली, पण खाडी संपली नाहीं. अजूनहि दिवसांतून दोन वेळां भरतीचें पाणी बंदराच्या बाजूनें आंत येतें आणि ओहोटीबरोबर परत जातें. बंदराच्या तोंडाशीं जें पाण्यांत पडतें त्याच्याशीं आपला संबंध नाहीं, असें म्हणण्याची सोय म्हणूनच आम्हां पनवेलकरांस नाहीं. हें मला नीट उमगलें तें २०१० सालच्या ऑगस्ट महिन्यांत. त्या वेळीं मी शाळेंत इतिहास शिकवीत होतों.

७ ऑगस्ट रोजीं, शनिवारीं सकाळीं, न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतून बाहेर पडणारें 'एमएससी चित्रा' हें मालवाहू जहाज आणि मुंबई बंदराकडे येणारें 'खलिजिया' हें जहाज यांची टक्कर झाली. खलाशी वाचले, पण 'चित्रा' एका अंगावर कलंडलें आणि त्यावरील मालाच्या प्रचंड पेट्या समुद्रांत कोसळूं लागल्या. सुमारें ८०० टन तेल पाण्यांत गेल्याचा अंदाज झाला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. 'चित्रा' हें तेलवाहू जहाज नव्हतें. सांडलें तें त्याच्या स्वतःच्या यंत्रासाठीं भरून घेतलेलें इंधन होतें. म्हणजे बंदरांत येणारें-जाणारें प्रत्येक मोठें जहाज, तें काय माल नेतें हें असो, तेलाचें कोठार पोटांत घेऊनच फिरत असतें.

तें काळें तेल घारापुरी, उरण, मांडवा, सासवणें येथील किनाऱ्यांस लागलें व तिवरांच्या वनांत शिरलें. पुढच्या आठवड्यांत उरणच्या बाजूचा एक कोळ्याचा मुलगा, जो नातलगांकडे राहून आमच्या शाळेंत शिकत असे, तो तास संपल्यावर माझ्याजवळ आला. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. त्याच्या घरीं जाळीं दुरुस्त होऊन तयार होतीं. आणि बाजारांत तर मासळीस गिऱ्हाईक मिळेना. त्यानें विचारलें, "सर, तेल काढून टाकलें म्हणजे मासे पहिल्यासारखे येतील ना?" मी म्हणालों, "येतील, बाळ." तें उत्तर मीं दयेपोटीं दिलें, ज्ञानानें नव्हे. त्यानंतर मीं या विषयावर जें मिळेल तें वाचलें, आणि त्या मुलास द्यावयाचें राहिलेलें खरें उत्तर आज आपल्यापुढें मांडीत आहें.

तेल पाण्याहून हलकें, म्हणून तें पृष्ठभागावर पसरतें. आणि समुद्रांतील जीवनाचा फार नाजूक भाग तेथेंच असतो. अनेक माशांचीं अंडीं व नुकतींच जन्मलेलीं पिल्लें वरच्या थरांत तरंगत असतात. मोठा मासा दूर पळूं शकतो. अंड्यास पळतां येत नाहीं. तेलांतील कांहीं द्रव्यें पाण्यांत अगदीं थोडीं उतरलीं, तरी अंड्यांतील गर्भाच्या हृदयाची वाढ बिघडते, असें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. कासवास श्वासासाठीं वर यावें लागतें, आणि तें तेलाच्या थरांतच डोकें काढतें. पक्ष्याचीं पिसें म्हणजे त्याची छत्री आणि त्याची गोधडी. तेल लागतांच तीं चिकटतात, पाणी कातडीस भिडतें व पक्षी गारठतो. मग चोचीनें पिसें साफ करूं जातो आणि तेंच विष पोटांत घेतो. तिवरांचीं झाडें चिखलांतून वर आलेल्या मुळांनीं श्वास घेतात. त्या मुळांचीं छिद्रें बुजलीं म्हणजे झाड गुदमरतें, आणि त्याच्या आश्रयानें वाढणारे निवटे, चिंबोऱ्या व कोळंबीचीं पिल्लें निराधार होतात. उघड्या खडकावरचें तेल लाटा धुवून नेतात. चिखलांत मुरलेलें तेल मात्र वर्षानुवर्षें तसेंच राहूं शकतें.

मग तें काढून टाकतां येत नाहीं काय? येथें इतिहासाकडे वळलें पाहिजे. १८ मार्च १९६७ रोजीं 'टॉरी कॅनियन' हें तेलवाहू जहाज वेळ वाचविण्यासाठीं जवळचा मार्ग धरून जात असतां इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशीं खडकावर आदळलें. त्यांत सुमारें १ लक्ष १९ हजार टन तेल होतें. किनारा स्वच्छ करण्यासाठीं हजारों टन रसायनें ओतण्यांत आलीं. परंतु जेथें तीं भरपूर ओतलीं, तेथील खडकांवरचे जीव नुसत्या तेलानें माखलेल्या खडकांपेक्षां अधिक मेले व तो किनारा सावरण्यास अधिक काळ लागला. आजचीं रसायनें पुष्कळ सौम्य आहेत. २०१० सालीं आपल्या तटरक्षक दलानेंहि तीं फवारलीं. परंतु त्यांनीं तेल नाहींसें होत नाहीं. त्याचे बारीक थेंब होऊन तें पाण्यांत खालीं मिसळतें. पक्ष्यांवरचें संकट माशांवर जातें, एवढेंच.

२४ मार्च १९८९ रोजीं अलास्कांत 'एक्सॉन व्हाल्डिझ' जहाजांतून सुमारें ३७ हजार टन तेल सांडलें. अदमासें अडीच लक्ष समुद्रपक्षी मेले. तेथील हेरिंग मासळी १९९३ सालीं एकाएकीं खालावली. तिचें कारण तेलच कीं दुसरें कांहीं, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण हजारों माणसें धुण्यास लावूनहि कित्येक दशकांनंतर तेथील वाळूगोट्यांखालीं तेल सांपडतच होतें, याविषयीं मतभेद नाहीं.

या अपघातांनीं एक केलें. १९६७ च्या अनर्थानंतर १९७३ सालीं जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला व १९८३ पासून तो अंमलांत आला. १९८९ नंतर नव्या तेलवाहू जहाजांस दुहेरी तळ व दुहेरी भिंती असाव्या, हा नियम आला. आपल्याकडे १९९३ च्या मे महिन्यांत मुंबई हायकडून उरणकडे येणारी समुद्रांतील तेलवाहिनी फुटली. १९९६ पासून अशा प्रसंगासाठीं राष्ट्रीय आराखडा आहे आणि त्याची सूत्रें तटरक्षक दलाकडे आहेत. तरीहि 'चित्रा'च्या अपघातास वर्ष होण्यापूर्वींच, ४ ऑगस्ट २०११ रोजीं, 'राक' नांवाचें कोळसावाहू जहाज मुंबईसमोर इंधनासह बुडालें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला तो २०१६ सालीं. न्याय झाला, हें योग्यच. पण रुपयांनीं माशांचीं अंडीं उबत नाहींत.

म्हणून उपाय करावयाचा तो तेल सांडण्यापूर्वीं. अरुंद जलमार्गांत प्रत्येक जहाजास किनाऱ्यावरून स्पष्ट मार्गदर्शन मिळालें पाहिजे व तें दोन्ही जहाजांस समजलें पाहिजे. जुनाट जहाजाची तपासणी तें समुद्रांत असतां नव्हे, बंदरांत असतां झाली पाहिजे. टाक्या धुतलेलें तेलकट पाणी समुद्रांत न सोडतां बंदरांतच उतरवून घेतलें पाहिजे. तेल अडविणारे तरंगते बांध आधींच सज्ज ठेवून, पहिल्या प्रहरांतच तिवरांच्या खाड्यांचीं तोंडें राखलीं पाहिजेत. कारण तेथें शिरलेलें तेल काढूं गेल्यास माणसाचे पायच झाडांची मुळें तुडवितात.

आणि आपण घरीं बसून काय करावें? आपल्या मोटारींतून काढलेलें जुनें तेल कोठें जातें, तें विचारावें. गटारांत ओतलेलें तेल पहिल्या पावसाबरोबर खाडींत जातें, आणि खाडीचें पाणी कोठें जातें हें आरंभींच सांगितलें आहे.

तो मुलगा आतां संसारी गृहस्थ झाला असेल. आज तो भेटला, तर मी सांगेन: "बाळ, कांहीं मासे येतील, कांहीं यावयास वर्षें लागतील, आणि चिखलांतलें तेल तर आम्हांला काढतांच येणार नाहीं. तें तेथें जाऊं न देणें एवढेंच आमच्या हातीं होतें." हें उत्तर पुन्हां कोणत्याहि शिक्षकास कोणत्याहि कोळ्याच्या मुलास द्यावें न लागो, एवढीच इच्छा.