माँतेरे : डोंगरांनी वेढलेले औद्योगिक शहर

ईशान्य मेक्सिकोतील न्वेव्हो लेओन राज्याची राजधानी व देशातील एक अग्रगण्य औद्योगिक केंद्र. सिएरा माद्रे ओरिएंटल पर्वताच्या पायथ्याशी, सस.पासून सु. ५४० मी. उंचीवर, सांता कातारीना नदीकाठी हे वसले आहे. खोगिराच्या आकाराचा सेर्रो दे ला सिया (सु. १,८२० मी.) हा डोंगर शहराची ओळख मानला जातो.

येथील पाण्याच्या झऱ्यांमुळे स्पॅनिशांनी वसाहतीचे दोन प्रयत्न केले. ते फसल्यानंतर द्येगो दे मोंतेमायोर याने १५९६ मध्ये शहराची स्थापना केली. सुमारे तीन शतके ते सीमाप्रांतातील लहानसे ठाणेच राहिले. अमेरिकेबरोबरच्या युद्धात सप्टेंबर १८४६ मध्ये जनरल झॅकरी टेलरच्या सैन्याने ते जिंकले. त्या वेळी ओबिस्पादो टेकडीवरील बिशपच्या वाड्यासाठी निकराची लढाई झाली.

लोहमार्ग (१८८२) आणि राज्यशासनाच्या करसवलती यांमुळे शहराचे स्वरूप पालटले. १८९० मध्ये बिअरचा कारखाना निघाला व त्याला लागणाऱ्या बाटल्यांच्या गरजेतून १९०९ मध्ये काचकारखाना उभा राहिला. १९०० मध्ये स्थापन झालेल्या पोलाद कंपनीची पहिली झोतभट्टी १९०३ मध्ये पेटली. लॅटिन अमेरिकेतील हा पहिला एकात्मिक पोलाद कारखाना होय. लोहखनिज दुरांगोहून, तर कोळसा कोआविलातून येई. उद्योगांना तंत्रज्ञ मिळावेत म्हणून १९४३ मध्ये येथे तंत्रविद्या संस्था स्थापण्यात आली. पोलाद कारखाना मात्र १९८६ मध्ये दिवाळखोरीमुळे बंद पडला व हजारो कामगार बेकार झाले.

ज्या डोंगरांनी शहराला पाणी दिले, त्यांनीच त्याला मर्यादाही घातल्या. एरवी कोरडे असणारे नदीपात्र वादळी पावसात डोंगरांतून येणाऱ्या लोंढ्यांनी भरून वाहते. ऑगस्ट १९०९ च्या महापुरात हजारो लोक मृत्युमुखी पडले. १९८८ व २०१० च्या चक्रीवादळांतही मोठी हानी झाली. याउलट, २०२२ च्या अवर्षणात शहरास पाणी पुरविणारा सेर्रो प्रिएतो जलाशय जवळजवळ आटला व अनेक वस्त्यांचा पाणीपुरवठा तासांवर आला. कारखान्यांचा धूरही या खोऱ्यात कोंडून राहतो.

बंद कारखान्याच्या जागी आता विस्तीर्ण उद्यान असून तिसऱ्या क्रमांकाच्या झोतभट्टीत २००७ पासून पोलाद-संग्रहालय आहे. भट्टीच्या माथ्यावरून प्रवाशाला शहर व त्याभोवतीचे डोंगर एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. ओबिस्पादोवरील वाडा (संग्रहालय) आणि पश्चिमेकडील वास्तेका घळई ही अन्य प्रेक्षणीय स्थळे होत.