स्वस्त ड्रोन, महाग संरक्षण आणि बाबासाहेबांचा 1951 चा प्रश्न

ड्रोनमुळे युद्ध स्वस्त झाले, असे आजकाल सर्रास सांगितले जाते. तसे असेल तर जगभरातल्या सरकारांचा लष्करी खर्च खाली यायला हवा होता. तो आला का? इतिहास तपासून पाहू.

शत्रूच्या किनाऱ्यावर समुद्रातून फौज उतरवणे हे युद्धातले फार खर्चिक आणि रक्तरंजित काम. 25 एप्रिल 1915 रोजी ब्रिटन आणि फ्रान्सने तुर्कस्तानात गॅलिपोलीला फौजा उतरवल्या. त्या मोहिमेत हिंदी सैनिकही लढले आणि मेले. जानेवारी 1916 पर्यंत सगळ्यांना माघार घ्यावी लागली. 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीला मात्र दोस्त राष्ट्रांना यश आले. त्यासाठी सुमारे 7,000 जहाजे-बोटी आणि दीड लाखाहून अधिक सैनिक लागले. तेव्हापासून मोठ्या देशांनी एक हिशेब पक्का केला: किनारा जिंकायचा तर मोठी जहाजे हवीत, आणि ती किनाऱ्याजवळ नेता आली पाहिजेत.

हा हिशेब काळ्या समुद्रात मोडला. फेब्रुवारी 2022 मध्ये रशिया युक्रेनच्या ओडेसा बंदरावर फौज उतरवील, अशी धास्ती होती. ते घडलेच नाही. आधी पाणसुरुंगांनी आणि किनाऱ्यावरच्या क्षेपणास्त्रांनी वाट अडवली. 14 एप्रिल 2022 रोजी रशियाची ‘मोस्कवा’ ही युद्धनौका बुडाली. पुढे युक्रेनने बिनमाणसांच्या, स्फोटकांनी भरलेल्या ड्रोन-बोटी सोडल्या. 14 फेब्रुवारी 2024 रोजी अशाच बोटींनी ‘सीझर कुनिकोव’ हे फौज उतरवणारे जहाज क्रिमियाजवळ बुडवले. जहाज शंभर मीटरहून लांब, बोट जेमतेम साडेपाच मीटरची! रशियाला आपल्या आरमाराचा बराचसा भाग सेवास्तोपोलहून नोव्होरोसिस्कला हलवावा लागला.

अमेरिकेने याची चाहूल आधीच घेतली होती. 2020 साली तिच्या मरीन दलाचे प्रमुख जनरल डेव्हिड बर्गर यांनी दलातले सगळे रणगाडे काढून टाकायचे ठरवले आणि क्षेपणास्त्रे, ड्रोन यांवर भर दिला. पण 2022 च्या डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने फौज उतरवणारी किमान 31 मोठी जहाजे ठेवणेही बंधनकारक केले. म्हणजे नवे हवेच, आणि जुनेही सोडायचे नाही! 2020 या आर्थिक वर्षासाठी अमेरिकी काँग्रेसने संरक्षणाला 738 अब्ज डॉलरची मंजुरी दिली होती. 2024 साठी ती 886 अब्ज झाली.

आपल्याकडे काय? ऑक्टोबर 2024 मध्ये भारताने अमेरिकेकडून 31 एमक्यू-9बी ड्रोन घेण्याचा करार केला. त्यातली 15 नौदलासाठी. एकूण खर्च सुमारे 32,000 कोटी रुपये. सगळेच ड्रोन स्वस्त असतात, हा भ्रम इथेच संपतो.

मग खर्च ठरतो कशाने? 1951 साली मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी हा मुद्दा मांडला होता. देशाच्या वार्षिक 350 कोटींच्या महसुलापैकी सुमारे 180 कोटी लष्करावर जातात, हे त्यांनी दाखवून दिले. आणि दोष दिला तो परराष्ट्र धोरणाला: आपल्याला मित्र उरले नाहीत, म्हणून हा भार वाढला. सार्वजनिक वित्ताचा हा अभ्यासक बंदुकीच्या किमतीपाशी थांबला नाही. ती बंदूक विकत घ्यायला लावणाऱ्या धोरणापर्यंत गेला.

देशाचे संरक्षण हवेच, त्याबद्दल वाद नाही. ड्रोनमुळे एखाद्या छोट्या देशाला बलाढ्य आरमार रोखता येते, हेही खरे. पण शस्त्र स्वस्त झाले म्हणून शिष्यवृत्तीला, वसतिगृहाला, सरकारी दवाखान्याला आपोआप पैसा मिळत नाही. तो अर्थसंकल्पात मागावा लागतो, आकडे हातात घेऊन मागावा लागतो. म्हणून पुढच्या वेळी कोणी नव्या ड्रोनचे कौतुक सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारा: याच्या बदल्यात जुना कोणता खर्च कमी झाला, आणि वाचलेला पैसा गेला कुठे?

जय भीम!