अतिपरिचयाच्या पलीकडे

अतिपरिचयानें अवज्ञा होते, हा नियम माणसांप्रमाणेंच गाण्यांनाहि लागू आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील लेनर्ड स्किनर्ड या रॉक वाद्यवृंदाच्या वांट्यास तीच दशा आली. 'फ्री बर्ड' व 'स्वीट होम अलाबामा' हीं त्याचीं दोन गाणीं तेथील नभोवाणीवरून पन्नास वर्षें इतक्या वेळां वाजलीं, कीं परक्या वादकांच्या मैफलींतहि एखाद्यानें मागून 'फ्री बर्ड!' म्हणून ओरडावें, हा थट्टेचा ठराविक प्रकार होऊन बसला. रसिक म्हणविणारे मग सबंध वाद्यवृंदावरच काट मारतात. हा निकाल कितपत न्याय्य आहे, हें त्याच्या इतिहासावरूनच ठरविलें पाहिजे.

फ्लॉरिडा संस्थानांतील जॅक्सनव्हिल शहरीं १९६४ सालीं रॉनी व्हॅन झँट, गॅरी रॉसिंग्टन, ॲलन कॉलिन्स व त्यांचे सोबती एकत्र आले. हीं कामकरी वस्तींतील मुलें. लांब केसांबद्दल विद्यार्थ्यांवर करडी नजर ठेवणारे व्यायामशिक्षक लेनर्ड स्किनर यांचें नांव किंचित् वांकडें करून त्यांनीं पुढें आपल्या वाद्यवृंदास दिलें. नांवांत खोडी असली तरी कामांत मात्र कडक शिस्त होती. ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज गांवाजवळच्या एका खोपटांत तासन् तास तालीम चाले. उन्हाळ्यांत तेथें इतकें उकडे, कीं मंडळी त्या जागेला 'नरकगृह' म्हणत. वादनांतील बारीकसारीक जागाहि तालमींत आधीं ठरत. सामान वाहणारा बिली पॉवेल यानें 'फ्री बर्ड'ला पियानोची प्रस्तावना रचून दाखविली, तेव्हां त्यालाहि वादकांत स्थान मिळालें. नऊ मिनिटांचें तें गाणें संथ लयींत सुरू होतें व मध्यावर एकाएकीं वेग घेतें. ऐकणाऱ्यास तो उत्स्फूर्त आवेग वाटतो. त्याच्या मुळाशीं नरकगृहांतील मेहनत आहे.

अल कूपर यांच्या देखरेखीखालीं १९७३ सालीं पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. दुसऱ्या, १९७४ सालच्या ध्वनिमुद्रिकेंत 'स्वीट होम अलाबामा' होतें. कॅनडाचे गायक नील यंग यांनीं १९७० व १९७२ सालच्या दोन गाण्यांतून दक्षिणेंतील वर्णद्वेषावर कोरडे ओढले होते. हें गाणें म्हणजे त्यांस दिलेलें उत्तर. तें अमेरिकेंत आठव्या क्रमांकापर्यंत चढलें. गंमत अशी, कीं त्याच्या तिघां कर्त्यांपैकीं एकहि अलाबामाचा नव्हता. वर्णभेदाचे कैवारी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांचा त्यांतील उल्लेख गौरवाचा कीं उपहासाचा, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. शिवाय रंगमंचावर मागें गुलामगिरीसाठीं लढलेल्या दक्षिणेचा जुना ध्वज झळके. ज्यांच्या पूर्वजांच्या पायांत त्या गुलामगिरीच्या बेड्या होत्या, त्यांस तो खुपला तर त्यांत नवल नाहीं. हा दोष झांकण्याचें कारण नाहीं.

परंतु त्याच ध्वनिमुद्रिकेंत 'दि बॅलड ऑफ कर्टिस लो' हें गाणेंहि आहे. एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय वादकाला गुरुस्थानीं मानणाऱ्या गोऱ्या मुलाची ती कल्पित कथा. १९७५ सालच्या 'सॅटरडे नाइट स्पेशल'मध्यें स्वस्त पिस्तुलांनीं होणाऱ्या हत्यांचा धिक्कार आहे, तर १९७६ च्या एका गाण्यांत रानें तोडून सिमेंट ओतणाऱ्यांविषयीं खंत आहे. व्हॅन झँट यांच्या शब्दांत आत्मप्रौढी आहे, तसा संशयहि आहे, आणि गरिबांचें जिणें तर सर्वत्र आहे. नील यंग यांच्याशीं त्यांचें वैरहि नव्हतें. १९७७ सालच्या पांचव्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ते यंग यांच्याच ध्वनिमुद्रिकेचें चित्र असलेला सदरा घालून उभे आहेत.

ती ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होऊन तीनच दिवस झाले होते. २० ऑक्टोबर १९७७ रोजीं इंधन संपल्यामुळें वाद्यवृंदाचें विमान मिसिसिपींतील गिल्सबर्गजवळच्या रानांत कोसळलें. सहा जण दगावले. त्यांत २९ वर्षांचे व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स व त्यांची गायिका बहीण कॅसी हे होते. वेष्टनावर वादकांभोंवतीं ज्वाळा दाखविल्या होत्या; तें चित्र मागाहून बदलावें लागलें. धाकटे बंधू जॉनी यांस घेऊन वाद्यवृंद १९८७ सालीं पुन्हां उभा राहिला. मूळच्या मंडळींपैकीं अखेरचे रॉसिंग्टन २०२३ सालीं निवर्तले.

व्हॅन झँट यांच्या हयातींतील कार्य एवढें आटोपशीर आहे : चार वर्षें व पांच ध्वनिमुद्रिका. त्यांतून नभोवाणीनें दोन गाणीं उचलून झिजेपर्यंत वाजविलीं, याचा दोष रचणारांकडे जात नाहीं. ज्याला तीं दोन ऐकवत नसतील त्यानें 'कर्टिस लो' पासून आरंभ करावा. मग कधीं तरी 'फ्री बर्ड'कडे वळावें. ती नऊ मिनिटें कष्टानें बांधलेलीं आहेत, हें तेव्हां कानांस आपोआप कळेल.