मुंबई ते लंडन : दोरी तेवढीच, वाट वेगळी

मुंबई ते लंडन अंतर किती? पृथ्वीच्या गोलावर सरळ दोरी ताणली, तर सुमारे ७,२०० किलोमीटर. ही दोरी शंभर वर्षांपूर्वीही तेवढीच होती. बदलला तो वेळ आणि बदलल्या वाटा.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आफ्रिकेचा वळसा वाचला. तरी बोटीला दोन-तीन आठवडे लागतच. १९२९ मध्ये ‘इम्पिरिअल एअरवेज’ने लंडन-कराची सेवा सुरू केली. काही टप्पे विमानानं, मध्येच आगगाडी, मग पाण्यावर उतरणारं विमान, असा तो आठवड्याचा प्रवास. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी एका इंजिनाच्या छोट्या विमानातून कराचीची टपालाची पोती अहमदाबादमार्गे जुहूला आणली. विलायतेचं पत्र हवेतून मुंबईत येऊ लागलं.

मग फाळणी झाली. कराची परदेश झालं. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघालं, कैरो आणि जिनिव्हा इथं थांबत लंडनला पोचलं. एवढ्या लांबचा पल्ला एका दमात गाठण्याची त्या पंख्याच्या विमानाची ताकद नव्हती. तरी आठवड्यांचा हिशेब आता तासांवर आला होता.

या घाईची किंमतही मोजावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच विमान जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ माणसं गेली. त्यांत बहुतेक खलाशी होते. ज्यांचा जन्म समुद्रावर जायचा, ते बोटीवर रुजू होण्यासाठी विमानात बसले आणि बर्फात हरवले.

१९६० मध्ये जेट विमान आलं, वेग जवळजवळ दुप्पट झाला. आज थेट विमान साधारण नऊ-दहा तासांत पोचतं. येताना थोडा कमी वेळ लागतो, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात आणि विमानाला पाठीमागून ढकलतात.

पण वाऱ्यापेक्षा माणसाची मर्जी मोठी. १९७१ च्या फेब्रुवारीत भारतानं आपलं आकाश पाकिस्तानी विमानांना बंद केलं, तेव्हा कराचीहून ढाक्याला जायला श्रीलंकेला वळसा पडू लागला. एकाच देशाची दोन शहरं दुपटीहून लांब गेली. वर्ष संपण्याआधी देशच दोन झाले. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. दिल्लीहून युरोपला निघालेल्यांना तो फेरा अधिक जाणवला.

मराठीत ‘अंतर’ म्हणजे लांबी आणि ‘अंतर’ म्हणजे मनही. विमानानं पहिलं अंतर पुष्कळ कापलं. दुसऱ्यात गाठ पडली, की पहिलंही पुन्हा वाढतं. आजारी आईकडे निघालेल्या परदेशस्थ लेकीला त्या वाढलेल्या तासाचा अर्थ विचारावा.