दिव्यांग कोणास म्हणावे? : सवलती आणि वाहनतळावरील राखीव जागा

‘मला अपंगत्वाचा दाखला मिळेल का?’ हा प्रश्न सातारा व सांगली जिल्ह्यांतील आमच्या धर्मग्रामांत वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत गुडघे झिजलेल्या आजी असतात, एक डोळा गमावलेला कारागीर असतो, शाळेत अक्षरे उलटी लिहिणाऱ्या मुलाची आई असते. शेजारीपाजारी त्यांना जी उत्तरे देतात ती बहुधा चुकीची असतात, कारण अपंगत्व डोळ्यांना दिसते त्यावरून ठरते असा आपला समज आहे. कायद्याच्या दृष्टीने ते मोजमापावरून ठरते. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. त्याची जागा घेणारा ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ दिनांक १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार एकवीस झाले. अंधत्व, क्षीणदृष्टी, कर्णबधिरत्व, वाचादोष, अस्थिव्यंग, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार हे सर्वांना ठाऊक असतात. परंतु स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्नायूंचा क्षय, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, खुजेपणा आणि आम्लहल्ल्यातील जखमा हेही त्यांत येतात, हे अनेक कुटुंबांना अजून माहीत नाही. कुष्ठरोगातून बरी झालेली, पण हातापायांची संवेदना गेलेली किंवा व्यंग राहिलेली व्यक्तीही यात मोडते. डॉ. वानलेस यांनी मिरजेत सुरू केलेली वैद्यकीय सेवा आणि तेथील रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय यांमुळे आपल्या भागात अशी माणसे व त्यांची कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतील वृद्धांनी ‘रोग तर बरा झाला, आता कसला दाखला?’ असे म्हणून घरी बसू नये.

प्रकारात नाव असणे पुरेसे नाही. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. कायदा त्यास ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणतो. टक्केवारी काढण्याची पद्धत केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये ठरवून दिली व मार्च २०२४ मध्ये सुधारली. दोन्ही कानांची श्रवणहानी ७० डेसिबल झाली की बधिरत्व मानले जाते. प्रौढ व्यक्तीची उंची १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असली की तो खुजेपणा. दृष्टी मोजताना चष्मा लावून अधिक चांगल्या डोळ्याने किती दिसते ते पाहतात. त्यामुळे एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा निर्दोष असला तर टक्केवारी केवळ ३० येते. तो कारागीर निराश होतो ते येथे. आम्हालाही हा हिशोब कठोर वाटतो. पण तो तसा आहे हे आधीच ठाऊक असलेले बरे.

दोन व्यंगे असतील तर टक्के सरळ मिळवीत नाहीत. त्यासाठी सूत्र आहे. मोठी टक्केवारी तशीच घ्यायची. नव्वदातून ती वजा करून येणाऱ्या संख्येने लहान टक्केवारीस गुणायचे, नव्वदाने भागायचे आणि आलेले उत्तर मोठीत मिळवायचे. वरील कारागिराच्या हातालाही २० टक्के व्यंग असेल, तर ३० आणि २० मिळून ५० होत नाहीत, सुमारे ४३ होतात. तरीही तो ४० च्या पलीकडे जातो. म्हणून मंडळासमोर जाताना प्रत्येक व्यंगाचे कागद न्यावेत. एकच सांगून दुसरे लपवू वा विसरू नये.

आजींच्या गुडघ्यांचे काय? वय झाले म्हणून कोणी दिव्यांग ठरत नाही आणि प्लास्टरमधला मोडलेला पायही त्यात मोडत नाही. कायद्याला दीर्घकालीन न्यूनता अपेक्षित आहे. मात्र सांध्याची हालचाल कायमची कमी झाली असेल तर ती मोजली जाते. तेव्हा तपासणीस जाण्यात गैर काही नाही.

दाखला आता कागदी अर्जाने मिळत नाही. १ जून २०२१ पासून केंद्राच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर नोंदणी करूनच प्रमाणपत्र व ‘यूडीआयडी’ ओळखपत्र दिले जाते. नंतर तपासणीस शासकीय रुग्णालयात जावे लागते : साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय. निघण्यापूर्वी मंडळाचा वार विचारून घ्यावा. जत किंवा पाटणहून येऊन परत जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. अर्ज राहत्या जिल्ह्यात, किंवा जेथे उपचार चालू आहेत वा झाले आहेत तेथील रुग्णालयात करता येतो. दाखला नाकारल्यास कारणे लेखी मागावीत. नियमाने ती द्यावी लागतात आणि निर्णयाविरुद्ध अपीलही करता येते. मिळालेले प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. खोटेपणाने लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

एक दाखला हाती आला म्हणजे सर्व दारे उघडली असे नाही. एस.टी.च्या भाड्यात ४० टक्क्यांपासून ७५ टक्के सवलत आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसही ४० टक्के चालतात, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे. अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा. दिव्यांगांसाठी हे अनुदान २०२५ मध्ये दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी मात्र ८० टक्के लागतात. ग्रामपंचायत व नगरपालिकेने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावयाचे असतात. हा निधी अनेक ठिकाणी कोणी विचारतच नाही म्हणून पडून राहतो. ग्रामसभेत विचारावे. शासकीय नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत.

रेल्वेचा हिशोब वेगळाच. कोल्हापूरहून मिरज, सांगली, साताऱ्यामार्गे मुंबईस जाणाऱ्या गाडीचे तिकीट काढताना ५० टक्क्यांचा दाखला दाखवूनही सवलत नाकारली गेली, अशी तक्रार आपण ऐकतो. रेल्वे टक्के पाहत नाही. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारी अस्थिव्यंग व्यक्ती, पूर्ण अंध, बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती आणि एकाच वेळी पूर्ण मूक व बधिर असलेली व्यक्ती, एवढ्यांनाच दिव्यांग म्हणून ती मिळते.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. ४० टक्के न भरल्यास आरक्षण नाही, पण सर्वच हातचे जात नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, लेखनिकाची मदत केवळ ४० टक्क्यांवरील उमेदवारांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही.

आता वाहनाविषयी. इंग्लंडमध्ये ‘ब्लू बॅज’ नावाचे कार्ड गाडीच्या काचेपाशी ठेवले की राखीव जागा मिळते. परदेशी असलेल्या मुलांकडून हे ऐकून आपल्याकडचे लोक तसे कार्ड कोठे मिळते ते विचारतात. आपल्याकडे संपूर्ण देशात चालणारे असे वाहनतळाचे कार्ड नाही. ‘यूडीआयडी’ हाच पुरावा. त्याशिवाय २०२० च्या केंद्रीय नियमबदलानुसार वाहननोंदणीत मालकाचा प्रकार ‘दिव्यांगजन’ असा नोंदविता येतो. पथकरातील सूट त्याहून अरुंद आहे. आनेवाडी किंवा तासवडे नाक्यावर ती दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी खास बनविलेल्या वाहनासच लागू होते. साध्या गाडीत दिव्यांग व्यक्ती बसली आहे एवढ्याने नव्हे.

म्हणजे आपल्याकडे हक्क कार्डापेक्षा जागेवर अवलंबून आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार सार्वजनिक इमारतीत प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत दिव्यांगांसाठी दोन मोटारींची जागा हवी, प्रत्येकीची रुंदी किमान ३.६ मीटर हवी आणि तसा फलक ठळकपणे लावलेला हवा. ही रुंदी उगाच नाही. दार पूर्ण उघडून शेजारी चाकाची खुर्ची उभी करता आली पाहिजे. एवढी जागा रिकामी दिसली की तेथे दोन मोटारसायकली लावणारे पुष्कळ असतात. आपल्या भागात मोटारीपेक्षा बाजूला चाके जोडलेली स्कूटरच अधिक दिसते. तिच्यासाठी नियमावलीत वेगळे माप नसले तरी तीही या जागेत सहज मावते.

येथे एक गोष्ट आपल्या दाराशी येते. २०१६ च्या कायद्याने ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दात धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, लोक ये-जा करतात अशा खाजगी इमारतीही धरल्या आहेत. चर्च त्यातून सुटत नाही. जुन्या इमारती सुगम करण्यास नियमांच्या अधिसूचनेपासून पाच वर्षांची मुदत होती. ते नियम २०१७ चे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून चालणार नाहीत, त्यांतील किमान निकष बंधनकारक केले पाहिजेत, असे सांगितले. आपल्या अनेक चर्चच्या दाराशी चार-पाच पायऱ्या आहेत, आणि दारालगतची सावलीतील जागा मिस्सेच्या वेळी ज्याची गाडी आधी येते त्याची होते. धर्मग्राम समितीने पुढील बैठकीस मोजपट्टी घेऊन यावे. दारापासून तीस मीटर, रुंदी साडेतीन मीटरांहून थोडी अधिक, दोन जागा, जमिनीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा आणि एक फलक. खर्च रंगाच्या डब्याचा. अडचण आली तर ती नेहमी तेथे गाडी लावणाऱ्यांचीच येईल.